नवरा समुद्रावर आहे

"संबंध आलेत का?"

हा प्रश्न मला भर सकाळी, दर्याची देवी माझू हिच्या देवळासमोरच्या चौकात, रांगेतल्या सगळ्या बायकांच्या देखत विचारला गेला. विचारणारी नर्सबाई बसच्या पायरीवर उभी होती आणि मी खाली. तिला वाकून विचारावं लागत होतं, आणि वाकून विचारायचं तर ओरडूनच विचारायचं असतं अशी तिची समजूत असावी.

आमच्या बंदराच्या गावात ही बस वर्षातून दोनदा येते, वसंतात आणि शरदात. आत पडदा, पडद्यामागे खाट. तिशी ओलांडलेल्या बायकांनी चढायचं, गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची चाचणी फुकट करून घ्यायची, आणि उतरताना भेटवस्तू घेऊन घरी जायचं. भेटवस्तू नसेल तर आमच्या बायका स्वतःच्या जिवासाठीसुद्धा रांगेत उभ्या राहत नाहीत, हे सरकारला बरोबर ठाऊक आहे. त्या खेपेला भांडी घासायच्या साबणाची मोठी बाटली होती.

"आलेत," मी म्हणाले.

"लग्न झालंय?"

"नाही."

"मग मित्र आहे?"

"मैत्रिणी होत्या."

नर्सबाई थांबली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मग शेजारच्या साबणांकडे पाहिलं. "म्हणजे... पुरुषाशी कधीच नाही?"

"नाही."

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अहो, मग तुम्हाला नाही लागत ही चाचणी! तुम्ही स्वच्छ आहात. चला, पुढच्या कोण?" आणि तिने बाटली माझ्या हातात कोंबली. "घ्या, घ्या. आल्यासारख्या न्या."

स्वच्छ! जशी मी एखादी वाटीच होते, कोणी न वापरलेली.

"पण मला पाळी नसताना मधूनच रक्त जातं," मी हळू आवाजात म्हणाले. मी नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवते. माझा हळू आवाज म्हणजे तलावाच्या पलीकडच्या काठावर पोहोचणारा आवाज. रांग एका क्षणात गप्प झाली. देवळातला पुजारीसुद्धा उदबत्ती हातात धरून बघायला लागला.

"ताण असेल," नर्सबाई मायेने म्हणाली. "लग्न केलं की होईल नियमित."

मी बाटली परत ठेवली. तिने पुन्हा दिली. मी पुन्हा ठेवली. तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी हसलं.

"तुम्हाला नको असेल तर मला द्या. आमच्याकडे भांडी फार."

वळून पाहिलं तर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेली एक मुलगी. बुटांवर बर्फाचा चुरा, अजून न वितळलेला. केस कसेतरी वर बांधलेले, आणि डोळ्यांत... त्या डोळ्यांत चेष्टा होती, पण माझी नव्हती. ते कसं कळलं, विचारू नका. कळतं.

"तुमचा नंबर," म्हणत मी रागाने बाजूला झाले.

"लग्न?" नर्सबाईने तिला विचारलं.

"ठरलं होतं. मोडलं."

"संबंध?"

"आलेत."

"या वर!"

इतकं सोपं. मी तिथेच खांबासारखी उभी राहिले. थोड्या वेळाने ती स्वतःची बाटली घेऊन उतरली आणि सरळ माझ्यापाशी आली.

"चला, सोयाबीनचं दूध पाजते," ती म्हणाली. "थंड. तुमच्या कानांतून वाफ निघतेय."

तिचं नाव यून-जू. धक्क्यावरच्या बर्फाच्या कारखान्यात ती बोटींना बर्फ मोजून द्यायची. माझं नाव पेइ-यिंग आहे हे तिला आधीच माहीत होतं. तिची भाची माझ्याकडे पोहायला येत होती.

"भाची म्हणते, आमच्या बाई ओरडल्या की मासेसुद्धा रांगेत पोहतात."

"मी ओरडत नाही."

"हळू बोला... ते पुजारीबुवा पुन्हा बघायला लागले."

मी दूध एका घोटात संपवलं. "या देशात मी उद्या बाईशी लग्न करू शकते," मी म्हणाले. "कचेरीत जायचं, सही करायची, ओळखपत्रावर बायकोचं नाव छापून मिळतं. पण या बसची पायरी चढायला मला पुरुष लागतो. बस तरी बायकांची आहे ना?"

यून-जूने स्ट्रॉने ग्लासातला बर्फ ढवळला. मग खाली बघतच विचारलं, "त्या मैत्रिणी... होत्या म्हणालात. होत्या, की आहेत?"

"होत्या."

"बरं," ती म्हणाली. "सहज. विचारून ठेवलं."

तिचे कान लाल झाले होते. माझा राग पळभर कुठे गेला ते मलाही कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात ती तलावावर उगवली. म्हणाली, पोहायला शिकायचंय.

"आयुष्य धक्क्यावर गेलं आणि पोहता येत नाही?"

"मी बर्फवाली. बर्फ ठेवाल तिथे राहतो. पाण्याचा काय भरवसा?"

सगळे शिकतात तशीच तिलाही मी आधी तरंगायला शिकवलं. पाठीखाली माझा तळहात, वर ती, डोळे गच्च मिटलेले, पत्र्याच्या छपरावर वाळूच्या मुठी फेकल्यासारखा पाऊस. तिचे हात उन्हाळ्यातसुद्धा गार असायचे. दिवसभर बर्फ हाताळून थंडी त्यांच्यात मुरली होती.

"सोडू नका हं, मास्तरीणबाई."

"नाही सोडत."

"आणि... सोडलंत तरी चालेल, असं आता वाटायला लागलंय."

"मग सोडू?"

"नाही! वाटायला लागलंय म्हटलं. सोडा कुठे म्हटलं?"

तळहात तिथेच राहिला. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ राहिला. त्या उन्हाळ्यात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही. एवढं आठवतं, की ती रोज शिफ्ट संपल्यावर डब्यातून बर्फाचा कीस आणायची, त्यावर आंब्याच्या फोडी, आणि चमचा मात्र एकच. "दुसरा विसरले," असं रोज म्हणायची. मीही रोज विश्वास ठेवायचे. मात्र जे म्हणायचं ते दोघींपैकी कोणीच म्हणत नव्हतं. मी सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलणारी बाई, आणि तेवढ्या एका वाक्याला माझा आवाज बसायचा.

आणि रक्त... ते थांबलं नव्हतं.

गावातल्या डॉक्टरकडे मी जाऊन आले होते. तो म्हणाला, "लग्न न झालेल्या मुलींची आतून तपासणी आम्ही करत नाही. उद्या नवऱ्याने आम्हाला विचारलं तर?" मी तेहतीस वर्षांची मुलगी! जो अजून कुठल्या गावात आहे हेही ठाऊक नाही, त्या नवऱ्याला हा डॉक्टर घाबरत होता. माझ्या रक्ताला घाबरायला मात्र तयार नव्हता. त्याने गोळ्या दिल्या आणि मूल झालं की सगळं जागच्या जागी बसेल, असा आशीर्वादही दिला.

खरं सांगायचं तर मग मी हा विषयच सोडून दिला. 'तुम्हाला लागत नाही' हे वाक्य अपमानाचं असलं तरी त्यात झोपायला जागा होती. नाही लागत म्हणतात ना... मग नसेलच लागत.

एके दिवशी मी तलावातून वर आले आणि माझ्या पायाशी फरशीवर लाल धार उतरली. मुलं अजून पाण्यात होती. कोणी बघायच्या आत यून-जूने बादलीभर पाणी ओतलं आणि स्वतःचा टॉवेल माझ्या कमरेला गुंडाळला. कपडे बदलायच्या खोलीत गेल्यावर ती बोलली.

"हे वसंतापासून आहे?"

"त्याच्याही आधीपासून. आता वाढलंय."

"आणि तू मला आंबा खायला घालू दिलास! रोज! एक शब्द न बोलता!"

"आंब्याचा काय संबंध?"

"काही नाही!" ती ओरडली आणि खाली बाकावर बसली. "बस पुढच्या आठवड्यात येतेय. खोटं बोल, पेइ-यिंग. आहे म्हण कोणीतरी पुरुष. एक शब्द. आत जा, चाचणी करून घे, बाहेर ये."

"का म्हणून? मी जशी आहे तशी आजारी आहे. मी कोणाबरोबर झोपते ते बदलून मी बरी व्हायचं?"

"आधी जग, मग भांड!"

"तुझं बरं आहे," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुला दोन्ही दारं उघडी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मी पण एकदा खरं सांगितलं होतं. शहरातल्या एका डॉक्टरला. आधी पुरुष होता, आता बाई आहे, म्हटलं. त्याने विचारलं, मग नक्की कुठल्या तुम्ही? आणि हातात मोजे होते, त्यांच्यावर आणखी एक जोडी चढवली. माझ्यासमोर. तेव्हापासून मी प्रत्येक डॉक्टरला तो मोडलेला नवरदेवच सांगते. दोन्ही दारं उघडी नाहीयेत गं. दोन्हींतून हाकललेली आहे मी. फक्त एका दारातून आत कसं घुसायचं ते पाठ झालंय."

मी तिच्या शेजारी बसले. माफी मागायला हवी होती; मी नुसते तिचे गार हात हातात घेतले. तिने काढून घेतले नाहीत.

"बरं," मी म्हणाले. "नवरा दे मला एक."

नवरा तिने धक्क्यावरूनच दिला. आमच्या गावात हे सोपं आहे. टुना मासे पकडणाऱ्या बोटी एकदा गेल्या की दीड-दोन वर्षं परत येत नाहीत, आणि अर्ध्या गावाचे नवरे हे फोनवरच्या आवाजापुरतेच असतात. यून-जूला प्रत्येक बोट पाठ. "फू-शेंग," ती म्हणाली. "बोट हिंदी महासागरात आहे. बर्फ मीच भरून दिलाय. नव्या वर्षाआधी येत नाही. कोण जाणार विचारायला?"

शरदातली बस आली. तीच नर्सबाई. तिला माझा चेहरा आठवत नव्हता. मला तिचा पाठ होता.

"लग्न?"

"झालंय."

"संबंध विचारायलाच नको मग. या, या. मिस्टर काय करतात?"

"समुद्रावर असतात."

"अगं बाई! माझेही!" आणि तिने मला हाताला धरून वर घेतलं. मी माहेरी आल्यासारखी वागणूक! पडदा ओढला, खाटेवर मऊ चादर घातली, पॅन्ट काढून पडा म्हणाली. मी पडले. छपराकडे बघत, पाय वर करून, अंगावर चादर. आणि ती हत्यारं मांडता मांडता बोलत राहिली. फोन करतात का? जेवणाचे हाल होत असतील नाही? परत आले की लगेच मुलाचं बघा, उशीर करू नका. पैसे घरी पाठवतात ना? फार पितात का?

एक माणूस, जो जन्मालाच आलेला नव्हता, त्याच्या जेवणाची चौकशी झाली, पिण्याची झाली. मला किती रक्त जातं, कधीपासून जातं, दुखतं का... हे तिने विचारलं नाही. कोणीच विचारलं नव्हतं.

"कुठली बोट?" तिने सहज विचारलं.

"फू-शेंग."

हत्यारांचा आवाज थांबला.

"फू-शेंगवर?" ती म्हणाली. "तिच्यावर माझे मिस्टर इंजिनवर आहेत. आपल्याकडचे चारच जण आहेत त्या बोटीवर. चौघांच्या बायकांना मी ओळखते."

मी छपराकडे बघत होते. "...माझा इंडोनेशियाचा आहे," मी म्हणाले.

"नाव?"

मला एकही नाव सुचलं नाही. इतक्या वर्षांत धक्क्यावर शेकडो इंडोनेशियन मुलं पाहिली, माझ्या तलावावर सुट्टीच्या दिवशी पोहून गेली, आणि त्या क्षणी एक नाव आठवेल तर शपथ.

"तुम्ही... तुम्ही वसंतात आला होतात ना?" तिला आता आवाजावरून आठवलं. "साबण परत देत होतात त्या!" ती पडदा सारून बाहेर गेली आणि मला तिचा दुखावलेला आवाज ऐकू आला. "समुद्रावरच्या माणसांच्या नावाने खोटं बोलतात! काय ही थट्टा! पुढच्या कोण?"

वाईट बाई असती तर भांडायला सोपं गेलं असतं. तिला खरंच लागलं होतं. आणि मी अर्धी उघडी, उठायचं की पडून राहायचं तेही कळेना. रडू फुटत होतं, ते रागाचं होतं हे मला कोणालातरी ओरडून सांगायचं होतं.

तेवढ्यात बसच्या पायरीवर रबरी बूट वाजले.

"खोटं मी शिकवलं तिला," यून-जूचा आवाज. "बोट माझी. चूक माझी."

"तुम्ही कोण?"

पडद्याच्या आत मी श्वास रोखला. आता ती म्हणेल, शेजारीण. म्हणेल, मैत्रीण. सगळ्या डॉक्टरांना इतकी वर्षं काहीबाही सांगत आलेली मुलगी. बाहेर निम्मा बाजार उभा. तिच्या कारखान्याच्या मालकाची बायको रांगेत, तिची स्वतःची मावशी रांगेत...

"तिचा नवरा समुद्रावर नाही," यून-जू म्हणाली. "तिला नवरा नाही. मी आहे. माझं तिच्यावर प्रेम आहे. हे मी तिलासुद्धा अजून सांगितलेलं नाही, सगळा उन्हाळा चमचा विसरण्यात घालवला... पण तुम्ही विचारलंत म्हणून आता सांगते. तिला वसंताच्याही आधीपासून रक्त जातंय. तिने ते तुम्हाला याच पायरीवर सांगितलं होतं. तुम्ही तिला साबण दिलात."

बाहेर नुसते देवळातले फटाके वाजत होते.

"पण त्यांना लागत नाही," नर्सबाई म्हणाली. आवाज आता तितका पक्का नव्हता. "पुरुषच नाही तर..."

"या आजाराचा विषाणू त्वचेवरून त्वचेवर जातो. त्याला बाई-पुरुष कळत नाही. तुम्हीच तेवढ्या विचारताय."

"नियमात..."

"कुठल्या नियमात?"

तिला कोणी हे कधी विचारलंच नसावं. मग रांगेतून एक खरखरीत म्हातारा आवाज चढला. मीठ लावलेली अंडी विकणारी हाओ आजी.

"ए पोरी! माझा म्हातारा मरून तीस वर्षं झाली. त्याच्या आधी दहा वर्षं तो माझ्या वाटेला गेला नव्हता. तरी दरवर्षी मला वर चढवतेस ना? मेलेला चालतो, तर नसलेला का नाही चालत गं? कर की मुकाट्याने! आमचे पाय दुखायला लागले!"

रांग हसली. आधी एक, मग सगळ्या. आणि यून-जूची मावशी, जिची मला सगळ्यात भीती होती, तिचा आवाज आला, "आणि त्या पोरीला कोणी चादर तरी नीट घातलीय का? वारा आहे बाहेर."

पडदा सरकला. नर्सबाई आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही; मोज्यांची एकच जोडी चढवली, दिवा ओढला.

"किती दिवसांपासून जातंय?" तिने विचारलं.

पहिल्यांदा. कोणीतरी पहिल्यांदा.

मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "अंग सैल सोडा," आणि मला तळहात आठवला, पाठीखालचा. फक्त या वेळी तरंगणारी मी होते.

उतरल्यावर यून-जू तिथेच उभी होती, कान लालबुंद, नजर बुटांवर. हातात माझी साबणाची बाटली.

"ऐकलंस?" तिने विचारलं.

"पडदाच होता. भिंत नव्हती."

"मग... काहीतरी बोल ना. एरवी तर सगळ्या गावाला ऐकू जातं."

मी तिच्या कानाशी वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा खरंच हळू बोलले. काय बोलले ते फक्त तिला माहीत. हाओ आजीने मात्र विचारून विचारून भंडावून सोडलं.

निकाल फोनवर आला. पेशी बिघडल्या होत्या. कर्करोग अजून झाला नव्हता, पण त्याच्या उंबऱ्यावर पाय होता. पुढची तपासणी आणि छोटी शस्त्रक्रिया शहरातल्या मोठ्या रुग्णालयात झाली. यून-जू सगळे दिवस उशाशी होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, या कोण? तर म्हणाली, "ही मास्तरीण आहे आणि मी नापास होत असलेली विद्यार्थिनी." मग तिनेच पुढे जोडलं, "आणि हिची होणारी बायको. त्यात पास होईन बहुतेक."

"विचारलंस कधी मला?" मी म्हणाले.

"आधी त्या समुद्रावरच्याचं बघ. त्याला काय कळवायचं?"

"बुडाला म्हणून कळव."

"अरेरे. मग विधवेला मागणी घालते."

टाके ताणले जाईपर्यंत मी हसले.

घरी जायच्या दिवशी आम्ही तळमजल्यावरच्या लांब व्हरांड्यात डॉक्टरांसमोर उभ्या होतो. दोन्ही बाजूंना बाकांवर बायका, हातात नंबर. डॉक्टर भले गृहस्थ होते. माझे कागद चाळून ते समाधानाने हसले.

"सगळं निघालंय. नशीबवान आहात. अगदी वेळेत आलात."

वेळेत.

गावातल्या डॉक्टरचा तो आशीर्वाद आठवला. मऊ चादर आणि नसलेल्या नवऱ्याची चौकशी आठवली. आणि त्या सगळ्या जणी, ज्यांना मी ओळखत नाही, ज्या पायरीवरून बाटली घेऊन गुपचूप घरी गेल्या असतील आणि आज भांडी घासत असतील. 'मला लागत नाही' म्हणत.

"मी वसंतातच आले होते," मी म्हणाले. "मला साबण देऊन परत पाठवलं होतं."

तलावाच्या पलीकडच्या काठावर जाणारा आवाज व्हरांडाभर गेला. बाकांवरच्या माना वर झाल्या. डॉक्टरांचं हसू ओठांवरच राहिलं. मी सवयीने यून-जूकडे पाहिलं. आता ती म्हणणार, हळू.

तिने तिचा गार हात माझ्या हातात घातला.

"परत सांग," ती म्हणाली. "मागच्या बाकापर्यंत नाही गेलं."